मेहरे एक्स्चेंज आणि अकोल्याचं हेड ऑफिस

वामनरावांच्या शेतातल्या पंगतीत रोडगे कच्चे होते, हे वाक्य मी लिहिलं, हे मी नाकारत नाही. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनी दुरुस्त केलेला माणूस खोटं बोलत नाही. फार तर ‘उद्या येतो’ म्हणतो. पण ते वाक्य मी फक्त, मला सोडून, पाच जणांच्या घरगुती ग्रुपवर लिहिलं होतं. वामनराव म्हणजे माझ्या बायकोचे, चंदाचे, थोरले भाऊ. अकोल्याला त्यांची फुलझाडांची नर्सरी आहे, आणि कोणी त्यांच्या रोडग्यांना, गोवऱ्यांवर भाजलेल्या त्या कणकेच्या गोळ्यांना, नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. पंगत आटोपून आम्ही अकोल्याहून अमरावतीच्या बसमध्ये बसलो, खिडकीशी जागा मिळाली, मन प्रसन्न होतं, म्हणून मी ते वाक्य लिहिलं. बस मूर्तिजापूरला पोचायच्या आत त्यांचा फोन आला.

“जवाईबुवा, कच्चे होते तं तिथिसाच सांगाचं होतं. आठ खाल्ले तुमी!”

आठ नव्हे, सहा. पण तो मुद्दा नाही. पाचांपैकी कोणीतरी माझ्या वाक्याचा फोटो काढून तो अकोल्याला पाठवला होता. पाचही जणांनी शपथा घेतल्या. चंदाने तर माझीच शपथ घेतली, त्यामुळे मला दोन दिवस प्रकृतीची काळजी वाटत राहिली.

बस पुढे निघाली होती. बडनेऱ्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला निरोप अमरावतीहून अकोल्याला जायचा, तर तो आधी सातासमुद्रापार कुठल्यातरी कंपनीच्या गोदामात जातो, आणि तिथून परत अकोल्याला येतो! मधल्या वाटेत त्याचं काय होत असेल? आपलं घर आहे, आपले लोक आहेत, मग निरोपाची पेटी परक्याच्या घरी का?

घरी येताच मी दामिनीला फोन लावला. दामिनी आमची एकुलती एक मुलगी. कृषी खात्यात पक्क्या नोकरीवर, नेमणूक चांदूर रेल्वेला, तिथेच एका खोलीत राहते. तिला कंप्युटरमधलं बरंच कळतं. एरवी माझ्या योजना ऐकल्या की ती ‘बाबा, रेंज जाऊन राहिली’ म्हणून फोन ठेवते. या वेळी मात्र रेंज गेली नाही.

“बाबा, तुमाले पाहिजे तसं आहे एक,” ती म्हणाली. “ओपन सोर्स. म्हणजे प्रोग्राम कसा लिहिला, ते साऱ्या जगाले उघडं, पण आपले निरोप कुलूपबंद. घरीच एक कंप्युटर चालू ठेवाचा, तोच सर्व्हर. अन् सगळ्यांचं मिळून एकच मोठं एक्स्चेंज नाही. ज्याले वाटलं त्यानं आपलं आपलं एक्स्चेंज टाकावं, सारी एक्स्चेंज एकमेकांशी बोलतात.”

एक्स्चेंज! जन्मभर दुसऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये मी शिड्या चढलो. आता माझं स्वतःचं एक्स्चेंज. मी त्याच क्षणी नाव ठरवलं: मेहरे एक्स्चेंज. दामिनी एवढ्या आनंदाने का मदत करते आहे, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. बापांच्या मनाला अशा वेळी काही शिवत नसतं.

शेजारच्या धर्मपालांना मी ही योजना कुंपणावरून समजावून सांगितली. धर्मपाल तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आहेत आणि कोणत्याही कागदातली चूक त्यांना कागद उलटा धरूनही दिसते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “किशोरभाऊ, पेटी तुमच्या घरी राहो का अमेरिकेत, फोटो काढणारा तं तुमच्याच घरातला हाय ना?”

मी म्हटलं, “धर्मपालजी, ही तांत्रिक बाब आहे. तुम्हाला नाही कळायची.”

त्यांना कळली होती. पंचाईत तीच होती.

दामिनीचा कॉलेजातला जुना कंप्युटर माळ्यावरून खाली आला. एका रविवारी येऊन तिने सगळं बसवून दिलं. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न मात्र संबंध आठवडा चालला. एप्रिल महिना, अमरावतीत पारा चव्वेचाळीसवर, आणि कंप्युटर थंड राहिला पाहिजे अशी अट. आमच्या घरात थंड जागा एकच, दिवाणखान्यातल्या कूलरसमोरची, आणि ती बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर मला मिळालेली होती. तिथे आता कंप्युटर बसला. मी दाराशी सरकलो. येणारे-जाणारे विचारत, “काका, बाहेर काहून बसले?” चंदा आतून उत्तर द्यायची, “आत सायेब बसले हायेत.”

मग पत्त्याचा घोळ सुरू झाला. आमच्या कॉलनीत इंटरनेटची तार कुंदन ओढतो. तो म्हणाला, “काका, बाहेरच्यानं तुमचं एक्स्चेंज शोधाचं म्हणजे पक्का पत्ता पाहिजे. तुमचा पत्ता तं रोज बदलून राहिला.”

“मी सत्तावीस वर्षं याच घरात राहतो!” मी ओरडलो.

“घराचा नाई वो. इंटरनेटचा.”

पक्क्या पत्त्यासाठी फॉर्म होता. फॉर्मवर ‘व्यवसायाचे स्वरूप’ असा रकाना होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘कौटुंबिक दळणवळण’. आठ दिवसांनी फॉर्म परत आला. कौटुंबिक हा व्यवसाय यादीत नाही. यादीत हॉटेल, दवाखाना, कोचिंग क्लास, सीसीटीव्ही आणि इतर एवढेच होते. मी ‘इतर’वर खूण केली. फॉर्म पुन्हा परत आला. इतर असल्यास स्पष्टीकरणाचं पत्र जोडा, आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्या. मी सव्वादोन पानांचं पत्र लिहिलं. त्यात टपालाच्या पाकिटापासून सुरुवात करून माणसाला एकान्ताची गरज का आहे, इथवर मी आलो होतो. ते घेऊन एका राजपत्रित अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

सही मिळाली नाही. शेवटी कुंदनने माझ्या खुर्चीमागे उभं राहून, मला न विचारता, ‘कोचिंग क्लास’वर खूण केली. दुसऱ्या दिवशी पक्का पत्ता मिळाला. चौथ्या दिवशी दोन बाया आपापल्या मुलांना घेऊन दारात उभ्या. “मेहरे क्लासेस हेच ना? दहावीचं गणित घेता म्हणे.” मी नाही म्हणालो, तर त्यातली एक दुसरीला म्हणाली, “लय कडक दिसतात. चांगले असतीन.”

कंप्युटर दिवस-रात्र चालू असायचा. त्याचा निळा दिवा खिडकीतून दिसायचा. त्यावरून कॉलनीत दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, मेहरे बिटकॉइन का काय ते घरात पाडून राहिले. दुसरा म्हणायचा, दारू सुटली नसन तर माणूस असं काहीतरी करते. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, पण ‘सुटली नसन’ म्हटल्यावर खुलासा तरी कसा करणार? मग एके दिवशी दुपारी हवालदार आले. सभ्य गृहस्थ. टोपी मांडीवर ठेवून बसले, चंदाने पन्हं दिलं ते प्यायले.

“काका, तुमच्याकडं सर्व्हर हाय म्हणते.”

“आहे.”

“काय सर्व्ह करता?”

“निरोप.”

“कोनाले?”

“आजच्या तारखेला बायकोला आणि मुलीला.”

त्यांनी कंप्युटरकडे पाहिलं. कूलरकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा कीव येऊन. मी त्यांना सगळं समजावलं: कुलूपबंद निरोप म्हणजे काय, किल्ली फक्त ज्याच्या त्याच्या फोनमध्ये कशी असते, मी मालक असूनही मला एक अक्षर कसं दिसत नाही. वहीत त्यांनी ‘चौकशी केली, आक्षेपार्ह नाही’ असं लिहिलं, उठले, दारापर्यंत गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, “म्हणजे बायकोनं फोन घेतला तरी नाई दिसत काय?”

“फोनच घेतला तर दिसतं.”

“मंग काय कामाचं!” असं म्हणून ते गेले.

आता अकोला. एवढं सगळं केलं ते ज्यांच्यामुळे, त्या वामनरावांना मी मोठ्या मनाने मेहरे एक्स्चेंजचं सभासदत्व देऊ केलं. मग ते म्हणाले, “अकोल्याच्या गोष्टी अमरावतीच्या पेटीत काहून ठेवाच्या? जमत नाई, जवाईबुवा.”

माझ्या एक्स्चेंजला एक महिना, तीन फॉर्म आणि एक हवालदार लागला होता. वामनरावांची सून प्रतीक्षा शाळेत गणित शिकवते. तिने दुपारच्या सुट्टीत त्यांचा सर्व्हर बसवून दिला. फॉर्म नाही, काही नाही. तिच्या माहेरचा कोणी इंटरनेटवाला निघाला. आणि वामनरावांनी आपल्या सर्व्हरला नाव काय द्यावं? ‘हेड ऑफिस’. म्हणजे अमरावती आपोआप शाखा कार्यालय झाली. हे नाव माझ्या पडद्यावर दर वेळी दिसायचं, आणि दर वेळी माझा रक्तदाब शाखा कार्यालयाला न शोभेल इतका चढायचा.

तरीही, ज्या दिवशी अमरावतीहून अकोल्याला पहिला निरोप थेट गेला, मध्ये कोणतीही कंपनी नाही, गोदाम नाही, त्या दिवशी मला गहिवरून आलं. मी लिहिलं, ‘दोन स्वतंत्र घरं आज परस्परांच्या स्वातंत्र्याचा आदर राखून जोडली जात आहेत. या मंगल प्रसंगी कच्च्या-पक्क्याचा वाद विसरून जाऊ या.’ उत्तर म्हणून हेड ऑफिसकडून एक अंगठा आला.

त्या संध्याकाळी मी चंदाला खुर्चीवर बसवून सगळी योजना पुन्हा समजावली. ती भाजी निवडत होती.

“म्हणजे तुमाले बी नाई दिसत? मी दामिनीले काय लिवलं थे?”

“नाही.”

“पक्कं?”

“अगं, ब्रह्मदेव आला तरी त्याला दिसणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मेथीची जुडी खाली ठेवून चक्क फोन हातात घेतला. त्या ‘बरं’कडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

मालकाला निरोप वाचता येत नसले तरी एक तक्ता दिसतो. कोणत्या खोल्या आहेत, खोलीचं नाव काय, आत कोण आणि किती माणसं, किती निरोप. आमच्याकडे मी ‘मेहरे परिवार’ नावाची खोली काढली होती. महिनाभरात तिथे एकतीस निरोप झाले होते. त्यातले सत्तावीस माझे. उरलेल्या चारांपैकी तीन अंगठे. एका सकाळी तक्ता उघडला तर खाली आणखी एक खोली. नाव ‘लावणी’. निरोप चारशे बारा. माणसं तीन: चंदा, दामिनी आणि हेड ऑफिसचे वामनराव.

मी तो तक्ता तीनदा पाहिला. चष्मा पुसून चौथ्यांदा पाहिला. माझ्या घरात, माझ्या कूलरची हवा खाणाऱ्या कंप्युटरवर, माझीच बायको आणि माझीच मुलगी, अकोल्याच्या माणसाला घेऊन, चारशे बारा गोष्टी बोलल्या होत्या, आणि मी दाराशी बसून ‘शुभ सकाळ’ पाठवत होतो!

आणि लावणी? चंदाचं वय सत्तावन्न. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “लहानपणी तुला नाचाची आवड होती का गं?”

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “ऊन लागलं काय तुमाले?”

मग माझं डोकं दुसऱ्या वाटेने गेलं. लावणी म्हणजे लावणं. काय लावणं? लग्न लावणं! दामिनीचं कुठेतरी जुळलं आहे, मामाला माहीत आहे, आईला माहीत आहे, बापाला पत्ता नाही. मी पाळत ठेवायला लागलो. निरोप वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. एक्स्चेंजमध्ये आम्ही कोणत्या तासाला किती फोन जातात याची नोंद ठेवायचो, तशी मी वही केली. दुपारी दोन ते चार सगळ्यात जास्त वर्दळ. नेमकी माझ्या झोपेची वेळ! दुसऱ्या दिवसापासून मी झोपलो नाही. डोळे मिटून पडलो आणि शेजारच्या खोलीतून चंदाच्या बोटांचा टकटक आवाज ऐकत राहिलो. आकडा चारशे अडुसष्टवर गेला.

शनिवारी मी कोणाला न सांगता गाडी पकडून चांदूर रेल्वेला गेलो. दामिनीच्या खोलीला कुलूप. घरमालकीण मनकर्णाबाई अंगणात गहू पाखडत होत्या. मला ओळखून त्यांनी पाट दिला.

“पोरगी नाई न बाप्पा घरी. दर शनिवारी चिखलदऱ्याले जाते थे. तुमाले नाई माईत?”

“माहीत आहे ना,” मी म्हणालो. माझा आवाज इतका पडलेला होता की त्यांनी सूप खाली ठेवलं. “कोणासोबत जाते, तेवढं जरा…”

“मामा येते गाडी घेऊन. अकोल्याचे.”

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली, पण खिडकीबाहेर पाहावंसं वाटलं नाही. मुलगा चिखलदऱ्याचा आहे, एवढं नक्की झालं होतं. हॉटेलवाला असेल. कदाचित पर्यटकांना घोड्यावर बसवणारा असेल. घोड्यांचं मला काही नाही. पण मामाने आधी घोडा पाहावा आणि बापाने मागून?

सोमवारी चंदाचा फोन कपड्यांच्या बादलीत पडला. नवा फोन आला, पण त्यात जुने निरोप उघडायला किल्लीची अक्षरं घालावी लागतात. ती तिने लोणच्याच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली होती. “माह्या चष्म्यातून बारीक दिसत नाई, तुमीच घाला,” असं म्हणून तिने वही आणि फोन माझ्या हातात दिला. चार-चार अक्षरांचे बारा गठ्ठे. मी एकेक घालत गेलो. शेवटचं अक्षर पडलं आणि ‘लावणी’चं दार उघडलं. कुलपांच्या जागी हळूहळू शब्द उमटायला लागले. नेमकं त्याच वेळी आत दूध उतू गेलं आणि चंदा धावली.

मी, हातात फोन, आणि खोलीत कोणी नाही.

लाइन तपासायला खांबावर चढलं की कानाला रिसीव्हर लावावा लागायचा, आणि कधी कधी दोन माणसांचं बोलणं चालू असायचं. मी पहिल्याच शब्दाला तो काढून घ्यायचो. एकदा खाली उभ्या असलेल्या माझ्या जोडीदाराने विचारलं होतं, “काय बोलून राहिले रे?” मी म्हणालो होतो, “लाइन चांगली आहे.” बत्तीस वर्षांत मला एक पदक मिळालं नाही, एक बढती उशिरा मिळाली, पण हे एवढं मी पाळलं होतं.

मी फोन टेबलावर उपडा ठेवला. आता खरं सांगायचं तर उपडा ठेवता ठेवता एक शब्द दिसलाच. ‘बाबाले’. त्याच्यापुढे काय होतं, ते टेबलाकडे गेलं.

तो एक शब्द मी दोन दिवस चघळला. बाबाले विचारा? बाबाले समजावा? बाबाले दवाखान्यात न्या? तिसऱ्या दिवशी जेवताना माझा धीर सुटला. ताट पुढे सरकवून मी म्हणालो, “बाबाले काय?”

चंदाने घास तसाच ठेवला. “वाचलं तुमी?”

“एकच शब्द. फोन उपडा ठेवताना. तुझी शपथ.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला माझं खोटं लगेच ओळखू येतं, त्यामुळे माझं खरंही तिला ओळखू येत असावं. “रविवारी सांगतो,” ती म्हणाली. “जेवा.”

रविवारी अकोल्याहून वामनराव आले, चांदूरहून दामिनी आली. दिवाणखान्यात बसले. मी मनाची तयारी करून पांढरा सदरा घातला होता; मुलाच्या घरचे येणार असतील तर असावा.

“बाबा,” दामिनी म्हणाली, “मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आहे.”

“मुलगा काय करतो?” मी म्हणालो.

“कोणता मुलगा?”

“चिखलदऱ्याचा.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वामनराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि चंदाने त्यांच्या पाठीत मारलेल्या धपाट्यांत बहिणीची माया कमी आणि ‘गप बसा’ जास्त होतं.

मुलगा नव्हता. कॉफी होती. दामिनीने चिखलदऱ्याला अडीच एकर जमीन कसायला घेतली होती. तिथे जुन्या कॉफीची काही झाडं होतीच, ती जगवायची आणि जूनमध्ये नवी लावणी करायची. रोपांवर सावली कशी धरायची, खड्डे केवढे घ्यायचे, हे दर शनिवारी मामा जाऊन शिकवत होते. चंदा, आम्ही मंडळी सकाळी फिरायला गेलो की, धर्मपालांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोसोबत बिया भाजून पाहत होती. दोन आठवड्यांपूर्वी कॉलनीत जळका वास येतो म्हणून मी महानगरपालिकेला अर्ज केला होता, तो या भाजणीचा.

“रजा संपेपर्यंत पाहीन,” दामिनी म्हणाली. “नाही जमलं तर नोकरी आहेच. पण रजा मंजूर व्हायच्या आधी साहेबांच्या कानावर कॉफी गेली, तर ते बदली लावतील अन् रजा गेली. म्हणून कोणाले सांगितलं नाही.”

“मी कोणी आहे का? मी तुझा बाप आहे!”

शेवटी वामनराव पुढे सरकले.

“जवाईबुवा, राग नोका मानू. माणूस तुमी सोन्यासारखे. पन तुमच्या पोटात गोष्ट रायत नाई.”

“माझ्या? मी, ज्याने या घरात गुप्ततेसाठी…”

“दामिनीचा नोकरीचा निकाल तिच्या आधी दूधवाल्याले ठाऊक होता,” चंदा म्हणाली. “माह्या पित्ताच्या खड्याचं आपरेशन ठरलं तं भाजीवालीनं मले विचारलं, किती मोठा हाय म्हणून. अन् मागच्या दिवाळीत भाऊच्या नर्सरीत चोरी झाली, थे पोलिसाले सांगाच्या आधी तुमी बसमंधी कंडक्टरले सांगितलं.”

कंडक्टर मूर्तिजापूरचा होता, चोर त्या बाजूला गेला असता तर उपयोग झाला असता, असा युक्तिवाद माझ्यापाशी होता. पण तो मी केला नाही. काय असतं, दुसऱ्याच्या तारेतलं बोलणं मी कधी ऐकलं नाही, म्हणून मी स्वतःला मोठा भरवशाचा माणूस समजत आलो होतो. आपल्या स्वतःच्या तोंडाची तार कधी तपासायचं ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. दामिनी उठून माझ्याजवळ दाराशी येऊन बसली.

“बाबा, तुमाले लपवाचं नव्हतं. त्या निरोपात लिहिलं होतं, ‘बाबाले सांगितल्याशिवाय मजा येऊन नाही राहिली.’”

मी कंप्युटरकडे पाहत राहिलो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं. मग फोन वाजला. ‘लावणी’ या खोलीत तुम्हाला बोलावलं आहे. मी आत गेलो. वर बारीक अक्षरात लिहिलेलं आलं: तुम्ही येण्यापूर्वीचे निरोप तुम्हाला वाचता येणार नाहीत. एक्स्चेंजचा मालक असून सहाशे तीस निरोप माझ्यासाठी कायमचे बंद. व्यवस्था चोख होती. मीच बसवली होती.

अट एकच: रजेचा आदेश येईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. मी हात पुढे करून शब्द दिला. वामनराव म्हणाले, “पाहू,” आणि ते ‘पाहू’ मला रोडग्यापेक्षा जास्त टोचलं.

तीन आठवडे. सकाळी मी मंडळींसोबत फिरायला जातो. पहिल्याच दिवशी धर्मपालांनी विचारलं, “किशोरभाऊ, दामिनी दर आठवड्याले चिखलदऱ्याले जाऊन राहिली म्हणे. काय हाय?” त्यांच्या घरात भाजणी चालली होती, पण त्यांच्या बायकोनेही त्यांना काही सांगितलं नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माझ्या जिभेवर कॉफी आली. दातापर्यंत आली. मी आवंढा गिळला.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

सगळी मंडळी जागेवर थांबली. अकरा माणसं, चालता चालता थांबली.

“तुमाले माईत नाई?”

“नाही.”

असं उत्तर माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे गोष्ट फारच मोठी असणार असं त्यांनी ठरवलं. दुपारपर्यंत दामिनीची निवड थेट दिल्लीला झाली होती. संध्याकाळी तिचं लग्न एका वनाधिकाऱ्याशी ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी कुंदन पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “काका, जर्मनीले गेली तरी सर्व्हर बंद नोका करू.” हवालदारही जाता जाता डोकावले आणि ‘काही मदत लागली तर सांगा’ म्हणाले, कोणती मदत, ते त्यांनाही माहीत नसावं. मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो, आणि प्रत्येक वेळी गोष्ट एक इयत्ता वर चढत होती. चंदा आतून ऐकायची. एका संध्याकाळी तिने न मागता कूलरसमोर माझी खुर्ची ठेवली आणि कंप्युटर जरा बाजूला सरकवला.

बाविसाव्या दिवशी खोलीत दामिनीचा निरोप आला: ‘आदेश हातात आला. बाबा, आता तुमी ज्याले सांगाचं त्याले सांगा.’

मी पायांत चपला कशा घातल्या, मला आठवत नाही. मंडळी कोपऱ्यावरच्या बाकावर बसलेली होती. मी समोर उभा राहिलो, घसा खाकरला आणि सगळं सांगितलं: रजा, अडीच एकर, सावली, खड्डे, भाजणी. एकही गोष्ट मागे ठेवली नाही. बावीस दिवसांचं साठलेलं होतं.

मग धर्मपालांनी दीर्घ श्वास घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“किशोरभाऊ, नसन सांगाचं तं नोका सांगू. आमी काई बळजबरी केली काय? पन पक्की नोकरी सोडून कॉफी! आमी काय येवढे येडे हाओ?”

“अहो, तुमच्याच स्वयंपाकघरात भाजत होते!”

“पाहा,” धर्मपाल बाकीच्यांना म्हणाले, “माह्या घरालेबी यात ओढून राहिले. म्हणजे मामला लयच वरचा हाय.” सगळ्यांनी माना हलवल्या. आजवर ज्यांनी मला कधी जागा करून दिली नव्हती, ते बाकावर सरकले आणि मला मधोमध बसवून घेतलं.

घरी आलो. चंदा दारात उभी होती.

“सांगून आले काय साऱ्यायले?”

“सांगून आलो. सगळं.”

“मंग?”

मी चपला काढल्या, आत जाऊन कूलरसमोर बसलो.

“गुप्तच आहे अजून,” मी म्हणालो.